लाल लोकरीची गाठ

तिला तोंडावर सगळे मावशी म्हणत आणि पाठीमागे तोफ. हे नाव तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं, कारण तोफेच्या समोर उगाच कुणी उभं राहत नाही. तीन मजले, बावीस विद्यार्थी, एक सामाईक स्वयंपाकघर, दोन गळके नळ आणि ती, असं ते घर होतं. मालक दुसऱ्या शहरात राहायचा. वर्षातून एकदा यायचा, उडालेल्या रंगाकडे बघून हळहळायचा आणि परत जायचा. बाकी सगळं राज्य तोफेचं होतं.

आणि त्या राज्यात कायदा एकच होता: टाकायचं नाही. भाजीची सालं गच्चीवरच्या पिंपात, तिथे त्यांची माती व्हायची. भांडी विसळलेलं पाणी बादलीत, त्याने जिना पुसायचा. शर्ट फाटला तर आधी रफू, मग उशीचा अभ्रा, मग फडकं, आणि फडक्याच्याही चिंध्या झाल्या की त्या पायपुसण्यात. जिन्याखाली ‘नको-हवं’चं कपाट होतं. ज्याला नको त्याने ठेवायचं, ज्याला हवं त्याने न्यायचं, कुणी कुणाला विचारायचं नाही. परीक्षा संपून मुलं घरी जायला लागली की आसपासच्या वसतिगृहांच्या दारात गाद्या-बादल्यांचे ढीग लागत, आणि ह्या दारात मोजून एक पोतं. लांबून लोक बघायला यायचे, फोटो काढायचे. मावशी, तुम्हाला पर्यावरणाची ही आवड कशी लागली, असं एका पाहुणीने विचारलं तेव्हा ती म्हणाली, आवड कसली डोंबलाची, घाण मला उचलावी लागते म्हणून.

ही शिस्त गोडीगुलाबीने आली असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. ती रक्त सांडून आली. सात वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाने रिकामी बाटली खिडकीतून खाली भिरकावली आणि ती दूधवाल्याच्या डोक्यात फुटली. तोफेने त्या मुलाला कॉलर धरून तीन मजले खाली ओढत आणलं, त्याचाच शर्ट काढून दूधवाल्याच्या डोक्यावर दाबून धरायला लावलं, आणि दवाखान्याची गाडी येईपर्यंत त्याच्या मानेवरचा हात सोडला नाही. नंतर फरशीवरचं रक्तही त्यालाच घासायला लावलं. पुढच्याच महिन्यात कचरागाडीच्या ड्रायव्हरशी जुंपली, त्यात तिचे दोन दात गेले आणि त्याचा एक. तेव्हापासून गाडी दारात नीट थांबायला लागली.

आधी हात, मग बात, असा तिचा खाक्या लहानपणापासूनच होता. बाप मारायचा, त्याच्याकडून ती शिकली. नवरा मारायचा, त्याच्यावर ती ते वापरायला लागली. एकदा कुकरचं झाकण नवऱ्याच्या खांद्यावर बसलं आणि हाड मोडलं. ‘बसलं’ असंच ती सांगायची, जणू झाकण आपल्या पायाने चालत गेलं होतं. त्याच दिवशी तिने घर सोडलं, ते धाकट्या बहिणीला बरोबर घेऊनच.

ही धाकटी म्हणजे दुसरं टोक. आवाज चढवणं तिला माहीतच नव्हतं. रोज सकाळी सातला ती दोन मोठी पोती घेऊन यायची आणि त्या रस्त्यावरच्या अकरा घरांतला सुका कचरा गोळा करून भंगाराच्या वखारीत नेऊन द्यायची. पोत्यात जास्त मावावं म्हणून कचरा दाबावा लागतो. पायाने दाबलं तर पोतं फाटतं, म्हणून ती दोन्ही हात कोपरापर्यंत आत घालून अंगाचा सगळा भार टाकायची. ह्या कामात काच म्हणजे काळ. म्हणून तोफेने एक युक्ती काढली होती. नको-हवंच्या कपाटात एक लाल स्वेटर दोन वर्षं पडून होता, त्याला कुणी विचारेना. तिने तो उसवला, लोकरीचा गुंडा केला आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगला. फुटकी काच, ब्लेड, गंजका पत्रा, जे काही कापणारं असेल ते जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायचं आणि वर लाल लोकरीची गाठ मारायची. धाकटी पोत्यात आधी नजर टाकायची. लाल दिसलं की ती पुडी अलगद बाजूला काढायची. लाल नसलं की बिनधास्त दाबायची.

दर वर्षी नवी मुलं आली की पहिल्याच आठवड्यात तोफ एकेकाला समोर उभं करून हे सांगायची. टाकलेलं कुठे जातं, ती विचारायची. मुलं म्हणायची, कचऱ्यात. ती म्हणायची, नाही, कुणाच्या तरी हातात जातं, आणि ह्या घरातलं माझ्या बहिणीच्या हातात जातं, लक्षात ठेवा. बाकीचे नियम भिंतीवर लिहिलेले होते. हा एकच लिहिलेला नव्हता. तो डोळ्यांत डोळे घालून सांगायचा आहे, असं तिचं म्हणणं होतं.

त्या वर्षी एक मुलगी मध्येच आली, अर्धं वर्ष उलटल्यावर. अंगाने काडी आणि सतत विणकाम, म्हणून पोरांनी दोन दिवसांत तिचं नाव सुई ठेवलं. ती आली त्या दिवशी मोरी तुंबली होती. तोफ कोपरापर्यंत घाणीत होती आणि प्लंबर पैसे आधी मागत होता, म्हणून तिने त्याचाच पाना त्याच्यावर उगारला होता. सुई बॅग घेऊन दारात उभी राहिली. तोफेने तिच्याकडे न बघताच सांगितलं की नियम भिंतीवर आहेत, वाचता येतं ना. सुईने नियम वाचले, दोनदा वाचले, आणि मनापासून पाळले. असं पोर त्या घरात दुसरं नव्हतं.

पंधरा दिवसांनी तोफेला कचऱ्यात सुतळीचा हातभर तुकडा सापडला. तो सुईच्या पार्सलचा होता. झालं, तोफ सुटली. सुतळी काय झाडाला लागते का इथपासून सुरुवात होऊन आईबापांनी काय शिकवलं इथपर्यंत गाडी गेली. सुई मान खाली घालून ऐकत होती. मग धीर करून तिने तोंड उघडलं, “मावशी, मग ती लाल लोकर—”

“लोकर असो नाहीतर सुतळी,” तोफ कडाडली, “दिसली की सोडायची, गुंडाळायची, खिळ्याला लावायची. मला उलट विचारायचं नाही.”

सुईने सुतळीचा तुकडा गुंडाळून खिळ्याला लावला.

त्याच दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या एकाच्या हातून काचेची मोठी बरणी पडली आणि तिच्याबरोबर तीन कप. तोफेने स्वतः तुकडे वेचले, चार पुड्या बांधल्या, चार लाल गाठी मारल्या आणि पुड्या सुक्या कचऱ्याच्या पोत्यात सगळ्यात वर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सातला धाकटी आली. तिने पोत्यात नजर टाकली. लाल कुठेच नव्हतं. तिने दोन्ही हात आत घातले आणि सवयीने अंगाचा सगळा भार टाकला.

ती ओरडलीसुद्धा नाही. “ताई, जरा बघ गं,” एवढंच म्हणाली. तोफ वळली तेव्हा धाकटीने उजवा हात वर धरला होता आणि तळव्यातून बरणीच्या बुडाचा तुकडा बाहेर आला होता. तळव्यापासून मनगटाच्या वरपर्यंत हात उकलला होता. रक्त कोपरावरून तिच्या पदरात, पदरातून फरशीवर गळत होतं. तोफेने टॉवेल फाडून दंडाला आवळला, बहिणीला खांद्यावर टाकलं, रस्त्यात उतरून येणाऱ्या पहिल्या गाडीच्या पुढ्यात उभी राहिली आणि बॉनेटवर एवढ्या जोराने मूठ हाणली की पत्र्याला पोचा पडला. गाडीवाल्याने दार उघडलं.

डॉक्टरांनी तीन तास शिवलं. बाहेर येऊन म्हणाले, हात राहील, पण मधली तीन बोटं आता वळणार नाहीत. आतल्या दोऱ्या तुटल्यात. ‘दोऱ्या’ हा शब्द तोफेच्या डोक्यात अडकून बसला, का ते तिला तेव्हा कळलं नाही.

धाकटीचा नवरा गोदामात हमाल होता. माणूस अबोल, बायकोवर जीव टाकणारा, पण रागाला आवर नव्हता. मुकादमाचा जबडा फोडल्याबद्दल आठ महिने आत जाऊन आला होता. तो कामावरून तसाच आला, अंगावर सिमेंटची धूळ. सगळं ऐकून घेतल्यावर तो अगदी हळू आवाजात बोलला.

“ताई, घर तुमचं आहे. नाव शोधून ठेवा. उद्या अकराला येतो. ज्या हाताने गाठी सोडल्या तो हात मी मोडणार.”

“मोडा,” तोफ म्हणाली. “तुम्ही मोडा, मी धरते.”

आणि हे ती नुसतं बोलायचं म्हणून बोलली नव्हती. घरी येईपर्यंत तिच्या डोळ्यांपुढे दुसरं काही नव्हतं. आल्या आल्या तिने खिळ्यावरचा गुंडा पाहिला. तो काल होता त्याहून जाड झाला होता, आणि वरचे वेढे कसे सुबक, एकाशेजारी एक घातलेले. म्हणजे गाठी कुणीतरी घरातल्यानेच सोडल्या होत्या.

तिने बावीसही जणांना स्वयंपाकघरात उभं केलं. बहुतेकांना काय झालंय ते ठाऊक होतं. तोफेचा संशय पहिल्यापासून तिसऱ्या मजल्यावरच्या लांबूवर होता, कारण तो आळशी होता आणि आळशी माणूस काहीही करू शकतो असं तिचं मत होतं. तिने त्याचा हात पाठीमागे पिरगळला. तो कळवळून सांगत होता की मी तर नऊपर्यंत झोपलो होतो, आणि ती आणखी वर पिरगळत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. खांद्याच्या सांध्यातून कट् असा आवाज आला, लांबू गुडघ्यांवर बसला, आणि मागून कुणीतरी म्हणालं, “त्यांना सोडा. मी सोडल्या गाठी.”

सुई पुढे आली होती. तोफेने हात फिरवला. उजवा हात, पूर्ण ताकदीने. सुईचा चष्मा भिंतीवर जाऊन आपटला आणि ती कपाटावर कोसळली. कानातून रक्ताचा बारीक ओघळ आला. दुसरी थप्पड बसणार होती, पण सुई रडता रडता बोलायला लागली आणि ह्या वेळी थांबली नाही.

“मी विचारलं होतं मावशी. पुड्यांवरच्या लाल लोकरीचं विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, दिसली की सोडायची, गुंडाळायची, खिळ्याला लावायची. मी सकाळी लवकर उठून सोडली. पुड्यांची तोंडं नीट पिळून ठेवली.”

तोफेचा उचललेला हात हवेतच राहिला. काखेत कळसा अन् गावाला वळसा. कालचं सगळं तिला जसंच्या तसं आठवलं, सुईची खाली घातलेली मान, अर्धवट तुटलेलं वाक्य, आणि त्यावर पडलेला आपला आवाज. ते वाक्य पुरं झालं असतं तर धाकटीची तीन बोटं आज वळत असती. ती तिथेच, लांबूच्या शेजारी, फरशीवर बसली.

मुलांनी सुईला दवाखान्यात नेऊन आणलं. लांबूचा खांदा जागेवर बसवून आणला. मुलं म्हणत होती, पोलिसांना सांगू. तोफेने नाही म्हटलं. हमालाला पुन्हा आत टाकलं तर धाकटीच्या घरात कामाचे दोन हात आणखी कमी होतील, आणि तो बाहेर येईल तेव्हा राग तसाच शिल्लक असेल. कुणीतरी सुचवलं, सुईला गावी पाठवा. त्यावर ती म्हणाली, मग तो गावी जाईल, तुम्ही त्याला ओळखत नाही. तिने सुईला आपल्या जिन्याखालच्या खोलीत ठेवलं आणि बाहेरून कुलूप लावलं. किल्ली कमरेला खोचली.

सकाळी अकराला हमाल आला. हातात गोदामातली पहार होती, ओझी सरकवायची, हातभर लांब आणि अंगठ्याएवढी जाड. मुलं जिन्यावर दाटीवाटीने उभी होती. तोफ स्वयंपाकघरात टेबलापाशी बसली होती. टेबल जुन्या दरवाजाच्या फळीचं होतं, तिनेच बनवून घेतलेलं.

“कोण?” त्याने विचारलं.

तोफेने उजवा हात फळीवर ठेवला. “हा.”

“ताई, चेष्टा नको.”

“गाठी एका पोरीने सोडल्या. आदल्या दिवशी ती मला विचारायला आली होती, मी तिला विचारू दिलं नाही. हात तिचा, हुकूम माझा. खरं म्हणजे माझं तोंड फोडायला हवं. पण तुम्ही हाताचं बोललात, म्हणून हात.”

“मुलगी कुठे आहे?”

“मुलगी मिळणार नाही. तिला माझ्या हातचं मिळालंय, पुरेसं आहे.” जिन्याखालच्या दाराकडे तिने चुकूनही पाहिलं नाही. “काल मी शब्द दिला, तुम्ही मोडा, मी धरते. बघा, धरलाय.” आणि खरंच तिने डाव्या हाताने उजवं मनगट फळीवर दाबून धरलं.

हमालाने पहार दोन्ही हातांत धरली. आपलेच दात, आपलेच ओठ. ह्याच बाईने त्याचं लग्न लावून दिलं होतं, तो आत होता तेव्हा त्याचं घर हिनेच चालवलं होतं. खोटं कशाला बोला, तोफेला मनातून वाटत होतं की हा मारणार नाही, पहार टाकेल, पाया पडेल आणि आपण त्याला चार शिव्या देऊन चहा करू.

त्याने मारलं.

पहार मनगटाच्या जरा पुढे बसली. हाड मोडल्याचा आवाज वरच्या जिन्यापर्यंत गेला आणि मांडणीतल्या ताटल्या खणखणल्या. एक मुलगी तिथेच ओकली. तोफेने हमालाच्या सात पिढ्यांचा एका दमात उद्धार केला, मग दातओठ खाऊन, घामाने भिजलेली, टेबलाला टेकून राहिली. हात भलत्याच कोनात वळला होता.

“झालं समाधान?” तिने विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. पहार त्याच्या हातातून गळून पडली. तो दाराला पाठ लावून खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. “नाही झालं, ताई.”

कालच्याच डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. एकाच घरातून दोन दिवसांत चार माणसं, त्यांनी विचारलं, तिथे चाललंय तरी काय. घसरले, असं तोफेने सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली, पण लिहिलं ते तसंच.

महिन्याभराने धाकटी पुन्हा कामावर आली. पोतं आता हमाल ओढायचा, कामावर जाण्याआधी तासभर, खाली मान घालून. दाबायचं कामही त्याचंच. धाकटी नुसती वेचायची, डाव्या हाताने. लाल गाठीचा नियम आता भिंतीवर लिहिलेला होता, सगळ्यात वर, सुईच्या अक्षरात. आणि तरी तोफ तो तोंडीही सांगायची.

एके सकाळी स्वयंपाकघरात एक ग्लास फुटला. दोघी बहिणी त्याची पुडी बांधायला बसल्या. दोघींचे मिळून दोन डावे हात. लोकरीचं एक टोक तोफेने दातात धरलं, दुसरं धाकटीने ओढलं, पहिला फास घातला की दुसरा घालेपर्यंत तो ढिला पडायचा. तीनदा बांधली, तीनदा सुटली. तोफेच्या कपाळाची शीर फुगायला लागली होती.

सुई दारात येऊन उभी राहिली. कानात कापसाचा बोळा होता. त्या कानाला आठ दिवस शिट्टी ऐकू येत होती आणि आता फार काही ऐकू येत नव्हतं, म्हणून ती बोलताना दुसरा कान पुढे करायची.

“मावशी, ती गाठ—” ती म्हणाली आणि थांबली. सवयीने, अर्ध्यातच. तिचा हात आपोआप गालाकडे गेला.

तोफेने दातातली लोकर काढली. जिभेवर आलेलं तिने गिळलं. ते गिळणं त्या मोडलेल्या हाडापेक्षा जास्त दुखलं, असं तिने नंतर धाकटीला सांगितलं.

“पुढे बोल,” ती म्हणाली.

धाकटी थांबली, पोतं ओढणारा हमालही थांबला. नळ गळत होता. तोफ वाट बघत राहिली.

“गाठीवर मी बोट ठेवू का?” सुईने शेवटी विचारलं. “म्हणजे सुटणार नाही.”

तोफेने पुडी तिच्याकडे सरकवली. सुईने फासावर बोट ठेवलं, दोघी बहिणींनी टोकं ओढली आणि गाठ घट्ट बसली. पण ते बोट सुईने हात पूर्ण लांब करून ठेवलं होतं. ती स्वतः टेबलाच्या पलीकडे, तोफेचा हात पोचणार नाही इतक्या अंतरावर उभी होती.